आराखडा वेळापत्रकात उतरायला हवा
उच्च प्राथमिक शाळेतील गुणवत्तावाढीच्या नियोजनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवीचे वर्ग आहेत. शाळा विकास आराखड्यात गुणवत्तावाढीचे उद्दिष्ट दरवर्षी लिहिले जाते, पण सहावी ते आठवीचे चाचण्यांतील गुण जवळपास तेवढेच राहतात. या वर्षी नियोजनाची सुरुवात नेमकी कुठून करावी?
– मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : सुरुवात गुणतक्त्यापासून न करता उत्तरपत्रिकांपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. नियतकालिक मूल्यांकनातील पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीची चाचणी, झाली की गुणांची ऑनलाइन नोंद होते आणि वर्गाची सरासरी हाती येते. परंतु ‘सातवी, गणित, ४८ टक्के’ एवढ्या नोंदीवरून उद्याच्या तासाला काय शिकवायचे हे कोणत्याही शिक्षकाला ठरवता येत नाही. तेच पेपर पुन्हा उघडून बसल्यास चित्र स्पष्ट होते. एखाद्या मुलाने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज अंशात अंश व छेदात छेद मिळवून दोन पंचमांश अशी केलेली असते. दुसऱ्या मुलीने ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी ठरवलेली असते, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे असतात. तिसऱ्याला अपूर्णांक उत्तम जमतात, पण शाब्दिक उदाहरण वाचून त्यात काय विचारले आहे हेच त्याला कळलेले नसते. या तिघांचे गुण सारखे असू शकतात, मात्र तिघांना लागणारी मदत पूर्णपणे वेगळी आहे. तिसऱ्या मुलाला तर ती गणिताच्या तासापेक्षा मराठीच्या तासात अधिक मिळू शकेल.

म्हणून प्रत्येक वर्गासाठी एक साधा तक्ता करावा. उभ्या बाजूला मुलांची नावे लिहावीत आणि आडव्या बाजूला मोजकी कौशल्ये घ्यावीत. सर्व अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवे याची ठरलेली यादी) एकाच तक्त्यात भरण्याचा मोह टाळावा, कारण असा तक्ता भरण्यातच शिक्षकांची शक्ती संपते. पुढील इयत्तेचे शिक्षण ज्यांच्यावर अवलंबून आहे अशीच कौशल्ये निवडावीत : स्थानिक किंमत, भागाकार, सममूल्य अपूर्णांक, पूर्वी न वाचलेला परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिणे, इंग्रजीतील सोपी वाक्ये अर्थासह वाचणे. तक्ता भरताना लेखी पेपरसोबत प्रत्येक मुलाशी काही मिनिटे बोलावे. ‘हे उत्तर कसे काढलेस?’ एवढा एक प्रश्नही चुकीच्या मुळापर्यंत नेतो.

यानंतर उद्दिष्ट लिहावे आणि ते टक्क्यांत लिहू नये. ‘गणितात १० टक्के वाढ’ या वाक्यात ना मूल दिसते, ना शिक्षक, ना मुदत. ‘सहावीतील ज्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, त्यांना दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते आले पाहिजे आणि ही जबाबदारी अमुक शिक्षकांकडे आहे’ असे वाक्य तपासता येते.

सर्वांत महत्त्वाचा भाग वेळेचा आहे आणि आपल्या आराखड्यांत नेमका तोच सुटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास अपेक्षित आहेत. आपल्या शाळेत गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती तास अध्यापन झाले, हे हजेरीपत्रक, प्रशिक्षणाच्या तारखा, परीक्षा आणि कार्यक्रम यांवरून एकदा मोजून पाहावे. कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अन्य अशैक्षणिक कामांना नेमता येत नाही. या मर्यादेपलीकडे गेलेले तास मोजलेले असतील, तर केंद्रप्रमुखांसमोर (परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर) ते मांडताना मुख्याध्यापकांची बाजू भक्कम राहते. उरलेल्या तासांतून पायाभूत कौशल्यांसाठीचा तास रोजच्या वेळापत्रकात, शाळा भरल्यावर मुले ताजीतवानी असताना ठेवावा. शाळा सुटल्यानंतरच्या जादा तासाला लांबच्या वाडीवस्तीवरून चालत येणारी मुले थांबू शकत नाहीत, आणि मदतीची गरज अनेकदा त्यांनाच सर्वाधिक असते.

आपण विकास आराखड्याचा उल्लेख केला आहे, म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो. कलम २२ खालील हा आराखडा तीन वर्षांचा असतो व त्याचे वार्षिक भाग केले जातात. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांनी त्यात ज्या बाबी मागितल्या आहेत, त्या प्रामुख्याने पटसंख्येचा अंदाज, लागणारे शिक्षक, भौतिक सुविधा आणि निधी यांच्याविषयीच्या आहेत. वर्गखोली, स्वच्छतागृह आणि रिक्त पद यांची मागणी तिथे झालीच पाहिजे. मुलांच्या शिकण्याचे नियोजन मात्र त्या नमुन्यातून आपोआप तयार होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पान शाळेलाच जोडावे लागते आणि दर सहा आठवड्यांनी तक्ता पुन्हा तपासून ते बदलावे लागते.

प्रश्न : मी सातवीला गणित शिकवतो. वर्गातील सुमारे एक तृतीयांश मुलांना भागाकार येत नाही. त्यांच्यासाठी थांबलो तर अभ्यासक्रम पूर्ण होत नाही आणि न थांबलो तर ती मुले कायमची मागे राहतात.
– शिक्षक, नाशिक जिल्हा

उत्तर : कायद्याच्या कलम २४ ने शिक्षकांवर ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी सोपवली आहेत : अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, तसेच प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक तिथे जादा मार्गदर्शन करणे. एकाच तासात ही दोन्ही कर्तव्ये पार पाडणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून त्यांसाठी वेगवेगळे तास ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला दूरवर शोध घेण्याची गरज नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी हा कार्यक्रम राबवला. मुंबई आणि वडोदरा येथे त्याचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मागे पडलेल्या मुलांना वर्गाच्या पाठाऐवजी त्यांच्या पातळीवरून शिकवल्यास त्यांची मूलभूत कौशल्ये सुधारतात, असे त्यातून दिसून आले. पुढे याच दिशेने मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार करण्याची पद्धत विकसित झाली. आपल्या शाळेतही पाचवी ते सातवीच्या मुलांचे दिवसातील एका तासापुरते असे गट करता येतील. मात्र दोन पथ्ये काटेकोरपणे पाळावीत. गट कायमचे नसावेत, कौशल्य आले की मूल त्याच आठवड्यात पुढच्या गटात जावे. आणि सर्वांत मागच्या गटाला शाळेतील सर्वांत कसलेले शिक्षक द्यावेत. ‘ढ’ मुलांचा गट असा शब्द शिक्षकांच्या खोलीतही उच्चारला जाऊ नये, कारण तो मुलांपर्यंत पोहोचतोच.

‘भागाकार येत नाही’ या निदानावर मात्र थांबू नये. ४०८ ला ४ ने भागून १२ हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला भागाकाराची रीत येत असते, पण दशकाच्या जागी शून्य का लिहायचे हे त्याला उमगलेले नसते; त्याच्यासमोर नोटा किंवा दशकांच्या काड्या ठेवून काम करावे लागेल. पाढे न येणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आणि वजाबाकीत हातचा चुकणाऱ्याची आणखी वेगळी असते. अडचण अशी सुटी केली की दुरुस्तीला लागणारा वेळ आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच कमी ठरतो.

अभ्यासक्रमाविषयी इतकेच म्हणेन की प्रत्येक प्रकरणाला सारखा वेळ देणे बंधनकारक नाही. अपूर्णांक आणि पूर्णांक संख्या यांवर परिमेय संख्या, गुणोत्तर, शेकडेवारी आणि समीकरणे उभी राहतात. तिथे दिलेला जास्तीचा आठवडा पुढील प्रकरणांत भरून निघतो.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. बैठकीत आम्हाला निकालाचे टक्के सांगतात. आमच्या गावातील बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मग आराखड्याचा उपयोग काय?
– पालक, बीड जिल्हा

उत्तर : समितीतील ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, ही तरतूद केवळ सह्यांसाठी केलेली नाही. टक्के ऐकल्यावर आपण शांतपणे पुढील प्रश्न विचारावेत : आठवीतील किती मुले गोष्टीचे पुस्तक अडखळल्याशिवाय वाचतात? मागील बैठकीनंतर त्यांत किती भर पडली? ज्यांना अजून येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यात कोणते तास ठेवले आहेत?

स्थलांतराचा प्रश्न आराखड्याच्या केंद्रस्थानी असला पाहिजे, कारण आपल्या भागात तो दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे पायाभूत कौशल्यांचे काम पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर सुरू केले, तर ज्यांच्यासाठी ते आखले ती मुले तोवर फडावर गेलेली असतात. आपल्या शाळेत हे काम जूनमध्येच सुरू व्हायला हवे. कोणती कुटुंबे जाणार आहेत, याची यादी समितीने सप्टेंबरमध्ये तयार करावी. जी मुले आजी-आजोबांकडे राहू शकतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवावा. आणि जी सोबत जाणारच आहेत, त्यांना कारखाना परिसरातील शाळेत दाखवण्यासाठी शिक्षण हमी कार्ड द्यावे. त्या कार्डासोबत मुलाला काय येते आणि पुढे काय शिकवायचे आहे, हे वर्गशिक्षकांनी दोन ओळींत लिहून दिले, तर तिकडच्या शिक्षकांना नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. मुलींविषयी विशेष काळजी घ्यावी. सहावी-सातवीतील मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी सोबत नेली जाते आणि परतल्यावर शाळेत येतच नाही. तिच्या घरी समितीतील महिला सदस्यांनी हंगामापूर्वीच जाऊन बोलणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रश्न : राज्यात पाचवी आणि आठवीसाठी पुन्हा वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आली आहे. त्यासाठी फेब्रुवारीपासून आठवीचे जादा वर्ग घ्यावेत का?
– मुख्याध्यापक, खाजगी अनुदानित शाळा, कोल्हापूर

उत्तर : उजळणीसाठी ते जरूर घ्यावेत, परंतु केवळ त्यांच्यावर विसंबू नये. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलल्यापासून वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची असते आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवता येते. आठवीत नापास होणाऱ्या मुलाची अडचण बहुधा पाचवी-सहावीतील असते, म्हणून या परीक्षेची तयारी सहावीच्या जूनपासून, पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तक्त्याने सुरू करावी. उन्हाळ्यातील जादा मार्गदर्शन कोण करणार, हे एप्रिलमध्येच लेखी ठरवावे आणि पुनर्परीक्षेची तारीख पालकांना निकालाच्या दिवशीच कळवावी. मूल पुनर्परीक्षेतही मागे राहिले, तर त्याच्या पालकांना बोलावून दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कायद्याने त्याला शाळेतून काढता येत नाही, आणि येत्या वर्षी त्याला जुनेच पाठ त्याच पद्धतीने पुन्हा शिकवले जाणार नसून त्याच्यासाठी ठरलेल्या कौशल्यांवर काम होणार आहे. ती कौशल्ये कोणती, हे त्याच बैठकीत पालकांच्या हाती लिहून द्यावे.