जुने सॉफ्टवेअर, जुना संगणक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाने १९९७ ते २००३ या काळात दिवाळी अंक काढला. मांडणी पेजमेकर ६.५ मध्ये केलेली होती आणि मराठी टंकांचे सॉफ्टवेअर लॉकवर, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलवर, चालत असे. सीडी, लॉक आणि फाइली जपून ठेवल्या आहेत. ते अंक पीडीएफ स्वरूपात पुन्हा काढण्याचा माझा मानस आहे, परंतु नव्या लॅपटॉपवर काहीच चालत नाही. जुना संगणक घ्यावा काय? तो कोठे मिळेल? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपल्या बाबतीत जुना संगणक घेणेच योग्य, मात्र त्याचे कारण पेजमेकर नव्हे, तर ते लॉक आहे. पेजमेकर ६.५ आजच्या संगणकावरील व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, विंडोज ९८ टाकूनही चालवता येते. टंकांचे सॉफ्टवेअर मात्र सुरू होताना पॅरलल पोर्टमार्फत, म्हणजे प्रिंटरच्या त्या जुन्या पोर्टमार्फत, लॉकला संकेत पाठवते आणि अपेक्षित उत्तर परत आले तरच पुढे सरकते. यूएसबीला जोडून पॅरलल पोर्ट मिळवून देणारी जी केबल बाजारात मिळते, ती बहुधा केवळ प्रिंटरसाठी बनवलेली असते; सॉफ्टवेअर ज्या ठरलेल्या पत्त्यावर पोर्ट शोधते तेथे तिचा मागमूसही नसतो, त्यामुळे लॉक जोडलेले असूनही ते नसल्याचाच संदेश पडद्यावर येतो. या केबलवर पैसे घालवू नयेत.

मदरबोर्डवरच पॅरलल पोर्ट असलेले यंत्र शोधावे. पेंटियम ३ किंवा सुरुवातीचा पेंटियम ४, २५६ एमबी रॅम आणि विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती एवढी सामग्री या कामाला पुरते. जास्त रॅम बसवण्याचा मोह टाळावा, कारण ५१२ एमबीच्या पुढे गेल्यास विंडोज ९८ चे स्मृतिव्यवस्थापन गोंधळते आणि संगणक सुरू होतानाच अडखळू लागतो. विंडोज एक्सपी अधिक स्थिर आहे हे खरे. परंतु एक्सपी कोणत्याही प्रोग्रॅमला पोर्टशी परस्पर बोलू देत नाही, त्यासाठी लॉकच्या उत्पादकाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो आपल्या सीडीवर नसेल तर ९८ वरच थांबावे.

यंत्र कोठे शोधावे हा प्रश्न पूर्वीपेक्षा कठीण झाला आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, त्यांनुसार मोठ्या कार्यालयांनी आपली बाद उपकरणे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्प्रक्रिया करणारे यांच्याकडेच द्यावयाची असतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण छंदापोटी एखादे यंत्र मागणाऱ्याला त्यामुळे मोठ्या कार्यालयाचे दार बहुधा बंदच राहते. सोन्याचा भागही यात आहे : सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरमधून सोने काढता येत असल्यामुळे भंगाराच्या व्यवसायात ते वेगळे काढून वजनावर विकले जातात, आणि चालू स्थितीतील बोर्डही प्रोसेसरविना पडून राहतात. म्हणून मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा जुना बाजार ही ठिकाणे सुटे भाग, केबली आणि की-बोर्ड यांसाठी उपयोगी मानावीत. तेथे जुळवलेले पूर्ण यंत्र हाती लागले तर तो योगायोग समजावा.

माझ्या मते आपण आधी छपाईच्या व्यवसायातील मंडळींकडे विचारणा करावी. तालुक्याच्या गावांतील छोटे छापखाने, डीटीपीची दुकाने आणि टंकलेखन संस्था यांच्या माळ्यावर अशी यंत्रे पडून असतात, आणि ती शेवटपर्यंत याच कामासाठी वापरलेली असल्याने त्यांचे पॅरलल पोर्ट चालू असण्याची शक्यता अधिक असते. त्यांतील एखाद्यावर आपण वापरत होता तेच टंक आधीपासून बसवलेले आढळले तर अर्धे काम झालेच म्हणायचे. महाविद्यालयांच्या जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीतही असे संगणक वर्षानुवर्षे असतात, परंतु निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदवहीतून अधिकृतपणे वजा करण्याची, प्रक्रिया पूर्ण होऊन लिलाव झाल्याशिवाय ते कोणालाही देता येत नाहीत, हे ध्यानात ठेवून प्राचार्यांना भेटावे.

यंत्र पाहायला गेल्यावर कॅबिनेट उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. प्रोसेसरभोवतालच्या कपॅसिटरांचे, म्हणजे छोट्या डब्यांसारख्या उभ्या भागांचे, माथे सपाट असले पाहिजेत. २००० च्या आगेमागे बनलेल्या कितीतरी बोर्डांवर सदोष द्रावणाचे कपॅसिटर बसवले गेले होते. ते फुगतात, गळतात, आणि मग संगणक कधी सुरू होतो, कधी होत नाही. कुशल कारागीर ते बदलून देऊ शकतो, तेव्हा एवढ्यावरून यंत्र नाकारण्याची गरज नाही, पण किंमत त्या हिशेबाने ठरवावी. नामांकित कंपनीच्या यंत्रापेक्षा मी स्थानिक दुकानात असेंबल केलेले यंत्र पसंत करीन, कारण काही कंपन्यांनी त्या काळी एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकातील वीजपुरवठ्याच्या पेटीच्या, तारांची रचना स्वतःच्या सोयीने बदललेली होती आणि दिसायला तोच कनेक्टर असला तरी बाजारातला नवा एसएमपीएस जोडताच बोर्ड जळू शकतो.

त्या यंत्रातील हार्ड डिस्कवर मात्र मुळीच विसंबू नये. तिच्याऐवजी आयडीई (त्या काळच्या हार्ड डिस्कच्या जोडणीचा प्रकार) अडॅप्टरवर बसणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावावे. हे कार्ड विद्युतदृष्ट्या आयडीई डिस्कसारखेच वागत असल्याने विंडोज ९८ ला त्यासाठी वेगळे काही शिकवावे लागत नाही, शिवाय तेच कार्ड काढून लॅपटॉपला जोडलेल्या कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या कार्ड-रीडरमध्ये घातले की फाइलींची ने-आणही होते. विंडोज ९८ पेनड्राइव्ह आपण होऊन ओळखत नसल्यामुळे ही सोय मोठीच आहे.

लॉक जोडताना वा काढताना संगणक पूर्ण बंद असावा. लॉक ओळखले गेले नाही तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जाऊन पॅरलल पोर्टचा प्रकार बदलून पाहावा. ईसीपीऐवजी साधा एसपीपी ठेवल्यावर अनेक लॉक चालू होतात. लॉकच्या मागे प्रिंटर जोडलेला असेल तर तो एकतर सुरू ठेवावा किंवा काढून टाकावा.

आता पीडीएफविषयी. त्यासाठी विंडोज ९८ वर पीडीएफ करणारे सॉफ्टवेअर शोधत बसू नये. एखाद्या पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर बसवावा, त्याचे पोर्ट ‘फाइल’ असे ठेवावे, टंक फाइलमध्येच समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा आणि पेजमेकरमधून प्रिंट द्यावी. तयार झालेली फाइल नव्या संगणकावर नेऊन घोस्टस्क्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करता येते आणि पाने जशीच्या तशी उमटतात. मात्र त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाहीत. त्या काळातील टंक युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, त्यामुळे संगणकाच्या लेखी तो मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असतो. लेख शोधण्याजोगे हवे असतील तर मजकूर वेगळा काढून त्या विशिष्ट टंकाच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागेल आणि नंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे लागेल. रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकवत असताना टर्बो पास्कल ७ या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला आयएसए स्लॉटमधील, म्हणजे मदरबोर्डवरील जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारे, कार्ड लागते. ते कार्ड माझ्याकडे आहे. मित्राच्या पेंटियम ३ यंत्रावर मात्र प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ येऊन बंद पडतो. यंत्र बिघडले आहे काय? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : यंत्र ठीक आहे, ते आपल्या प्रोग्रॅमला झेपत नाही इतके वेगवान आहे. टर्बो पास्कलचे सीआरटी युनिट (पडदा आणि की-बोर्ड हाताळणारा तयार भाग) आरंभीच एक मोजणी करते : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती फेऱ्या मारतो हे पाहून त्या संख्येला ५५ ने भागते. वेगवान प्रोसेसरवर हा भागाकार सोळा बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक जाहीर करतो. मूळ प्रोग्रॅम आपल्याजवळ असेल तर दुरुस्त केलेले युनिट वापरून तो पुन्हा कंपाइल करावा. केवळ तयार फाइल उरली असेल तर तिच्यावर चालणारे छोटे दुरुस्ती-प्रोग्रॅमही उपलब्ध आहेत. एवढे केल्यास आपल्या मित्राचे यंत्रच पुरेल, अर्थात त्यात आयएसए स्लॉट असेल तर. इंटेलच्या ४४० बीएक्स चिपसेटच्या अनेक बोर्डांवर तो असतो, नंतरच्या बोर्डांवरून तो लवकरच नाहीसा झाला. कार्डाला उणे ५ व्होल्ट लागतात काय, हेही तपासावे, कारण नव्या एसएमपीएसमधून तो पुरवठा काढून टाकलेला आहे.

दुरुस्ती नको असेल तर ४८६ (पेंटियमच्या आधीच्या पिढीचा संगणक) घ्यावा, पण त्याची बॅटरी आधी पाहावी. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी डकवलेली असते आणि तिच्यातून गळलेला क्षार शेजारच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. हिरवट-निळी बुरशी की-बोर्डच्या जोडणीपर्यंत पोचलेली दिसली तर ते यंत्र घेऊ नये. जुन्या एटी प्रकारच्या पुरवठ्याचे दोन कनेक्टर बोर्डाला लावताना काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावल्यास बोर्ड कायमचा जातो.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतून कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक आणणार आहे. त्यावरील जुने खेळ आणि बेसिकमधील प्रयोग करायचे आहेत. येथे तो चालेल काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, पण त्याच्यासोबत येणारा वीजपुरवठा येथे वापरू नये. तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खुपसल्यास जळेल, आणि ट्रान्सफॉर्मर लावून वापरला तरी जुना झालेला मूळ पुरवठा बिघडताना ५ व्होल्टऐवजी जास्त दाब सोडतो व संगणकाच्या स्मृतीच्या चिपा मारतो, हा या यंत्राचा प्रसिद्ध दोष आहे. या यंत्राला ५ व्होल्ट डीसीबरोबरच ९ व्होल्ट एसीही लागतात, तेव्हा मोबाइलचा चार्जर जोडून भागणार नाही. कमोडोर ६४ साठीच बनवलेला, २३० व्होल्टवर चालणारा नवा पुरवठा मागवावा. अमेरिकेतील यंत्र एनटीएससी, म्हणजे तेथील टीव्हीच्या पद्धतीचे, चित्र देते, म्हणून ते दाखवू शकणारा टीव्ही आहे का ते आधी पाहावे. युरोपात लिहिलेले काही खेळ त्यावर अंमळ जलद पळतील किंवा अडतील. भाच्याला विमानात बसण्यापूर्वीच सांगून खेळांच्या अमेरिकी आवृत्त्या मिळवाव्यात.