सासूबाईंना जिन्यावरून परत का बोलावले?

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने): "कुर्ल्याला मिठी नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे आमची खोली आहे. सासऱ्यांनी तिच्यावर मजला चढवला होता. खाली आम्ही राहतो, वर धाकटे दीर. सासरे गेल्यानंतर खोलीच्या कागदांवरून वाद झाला आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी घरात पाणी शिरले, तेव्हा यजमान रात्रपाळी करून अंधेरीला अडकले होते. पाणी कमरेपर्यंत चढले. पलंगावर टेबल ठेवून दोन्ही मुलांना त्यावर बसवले आणि मी व सासूबाई पाणी ओसरेपर्यंत उभ्या राहिलो. सासूबाई जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या होत्या, पण उगाच कोणाचे उपकार नकोत म्हणून मी त्यांना परत बोलावले. त्यांना साखर आहे. पायाला लागलेली जखम महिनाभर चिघळली. धाकटा मुलगा आता आभाळ भरून आले तरी रडतो. खोली विकून बदलापूरला जावे, असे मी म्हणते. यजमान म्हणतात, २००५ सालचे पाणीही याच घरात काढले, आता काय होणार आहे? कोणाचे बरोबर, ते तुम्ही सांगा."

ताई,

तुमच्या मूळ पत्रात भिजलेल्या गाद्या, बंद पडलेला फ्रिज आणि वाया गेलेले धान्य यांवर दीड पान आहे आणि यजमानांच्या हट्टावर जवळजवळ तेवढेच. सासूबाईंना जिन्यावरून परत बोलावल्याचे मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही फ्रिजच्या हकिकतीत मध्येच येऊन गेलेले. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या वाक्यापाशीच अडले.

बदलापूरचे आधी सांगून टाकते. तेथे उल्हास नदी आहे. जुलै २०१९ मध्ये तिच्याच पुराच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. घर विकायचे की नाही, याचा विचार तुम्ही दोघे वर्षभर करा. पावसाळा तुमच्या निर्णयासाठी थांबणार नाही, आणि तुम्ही मला विचारलेला प्रश्न या पावसाळ्यापुरता तरी बिनकामाचा आहे.

आता त्या जिन्याकडे वळू. तुमच्या दारापासून तो दहा पावलांवर असेल. वर कोरडी जमीन होती, चूल होती, सासूबाईंचा सख्खा मुलगा होता. खाली कमरेएवढे पाणी, टेबलावर दोन लेकरे आणि मधुमेह असलेली म्हातारी बाई. मीटरची पेटी किती उंचीवर होती आणि मेन स्विच कोणी बंद केला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आठवून आज तरी तुमच्या अंगावर काटा यायला हवा. वरून कोणी हाक मारली की नाही, हेही तुम्ही लिहिलेले नाही. मला वाटते, हाक आली असावी. आली नसती, तर "कोणी साधे डोकावलेसुद्धा नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात नक्कीच असते.

तुम्ही एकट्या होतात, घाबरलेल्या होतात, हे मला कळते. मात्र त्या घरात पुराचा खरा अनुभव असलेली एकच व्यक्ती होती, ती पायऱ्या चढू लागली होती, आणि तिला तुम्ही खाली उतरवलेत. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. एकाच शहरातल्या अर्ध्या लोकांना उरलेल्या अर्ध्यांवर काय कोसळते आहे याचा पत्ता नव्हता, आणि शहराची पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. विहार तलाव भरून वाहू लागला की ते पाणी मिठीत उतरते आणि भरतीच्या वेळी माहीमच्या खाडीत त्याला वाट मिळत नाही. मग ते कुर्ल्यातल्या घरांत मागे फिरते. हे सारे सासूबाईंनी नकाशावर पाहिलेले नाही, स्वतःच्या उंबरठ्यावर पाहिले आहे. घोट्याचे पाणी गुडघ्याला येईपर्यंत थांबायचे नसते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

यजमान म्हणतात, २००५ याच घरात काढले. ती रात्र त्यांनी नेमकी कोठे काढली, हे तुम्ही सासूबाईंना विचारा. तळमजल्यावर राहणारी जी कुटुंबे त्या रात्री वाचली, त्यांतली किती तरी कोणाच्या ना कोणाच्या वरच्या मजल्यावर होती. ओळख असो वा नसो, भांडण असो वा नसो, दारे उघडी होती आणि अनोळखी माणसांनाही चहा आणि कोरडे कपडे मिळत होते. या शहराने त्या रात्री जे केले ते सख्ख्या दिराच्या घरात तुम्ही होऊ दिले नाही, आणि मला राग आला आहे तो याचाच.

त्या जखमेबद्दलही बोलले पाहिजे. अशा पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते आणि पायाला चीर असेल तर त्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, संसर्ग शरीरात शिरतो. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे पालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात सांगतो. साखर असलेल्या बाईच्या पायाची जखम महिनाभर चिघळली आणि एवढ्यावर निभावले, हे तुमचे नशीब आहे. त्या पायऱ्या त्यांनी चढल्या असत्या, तर ती जखमही कदाचित झाली नसती.

खोलीच्या कागदांचा वाद खरा असेल, आणि तुमच्या यजमानांची बाजू न्यायाचीही असेल. मला त्यात पडायचे नाही. तो वकिलाकडे न्या, नातलगांना मध्ये घाला, हवे तर आणखी दहा वर्षे चालू द्या. त्या वादात सासूबाई कोणत्याच बाजूच्या नाहीत, मुलेही नाहीत, आणि त्यांना पाण्यात उभे करून तो वाद चालवण्याचा अधिकार तुम्हा दोघांपैकी कोणालाही नाही. तुमचा मुलगा आभाळ पाहून रडतो, ते मला केवळ पाण्याचे भय वाटत नाही. वर काकांचे घर आहे हे त्याला माहीत आहे. आपल्याला तेथे नेले नाही, हेही त्याने टेबलावर बसून पाहिले आहे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच: मृग लागायच्या आत, यजमानांच्या परवानगीची वाट न पाहता, तुम्ही स्वतः जिना चढून जावेशी बोला. दिरांशी नको, कागदांचा विषय लगेच निघेल. माफी मागू नका आणि जुने काही उकरूही नका. "पाणी वाढू लागले की आई आणि मुले वर येतील, येऊ द्याल का?" एवढेच विचारा. हे वाक्य तोंडातून काढताना जड जाईल, जाऊ द्या. "हो" आले, तर त्याच दिवशी यजमानांना सरळ सांगा की हे ठरले आहे आणि मी ठरवले आहे. जावेने नकार दिला, तर समोरच्या इमारतीत किंवा गल्लीतल्या दुसऱ्या कोणाच्या वरच्या मजल्यावर हेच विचारा. मला मात्र नकार येईल असे वाटत नाही.

आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सासूबाईंची दोन लुगडी, साखरेच्या गोळ्यांचा महिनाभराचा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांचे एकेक कोरडे कपडे आणि शिधापत्रिकेसह सगळ्यांची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून जावेच्या हाती द्या आणि सप्टेंबर संपेपर्यंत ती वरच राहू द्या. पुढच्या वेळी सासूबाई निघाल्या, की धाकट्याचा हात त्यांच्या हातात द्या, मेन स्विच बंद करा आणि त्यांच्या मागोमाग तुम्हीही चढा.