गाणं नक्की कुणाचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मायकल जॅक्सनचा प्रोड्युसर क्विन्सी जोन्स याच्याबद्दल थोडक्यात लिहिलं होतं आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

प्रश्न: ताई, एकदम बेसिक शंका आहे. लिहिणारा गाणं लिहितो, गाणारा गातो, वाजवणारे वाजवतात, मग हा म्युझिक प्रोड्युसर नक्की करतो काय? सिनेमासारखे पैसे लावतो का?

नाही हो, पैसे लावणारी रेकॉर्ड कंपनी. गाण्याचा प्रोड्युसर हा सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या जास्त जवळचा. कुठलं गाणं घ्यायचं, कुणाला वाजवायला बोलवायचं, दहा टेकपैकी कुठला ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे आता झालं, थांबा, हे कधी म्हणायचं, हे सगळं त्याच्याकडे.

उदाहरण जॉर्ज मार्टिनचंच घ्या. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ओबो शिकलेला माणूस, पार्लोफोन या छोट्या लेबलचा प्रमुख, आणि 1962 च्या आधी त्याचं नाव होतं ते पीटर सेलर्स वगैरे मंडळींच्या विनोदी रेकॉर्ड्ससाठी. लोकांना ही गोष्ट किरकोळ वाटते पण मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण त्या विनोदी रेकॉर्ड्समध्ये तो टेपचा वेग बदलणं, आवाज एकावर एक चढवणं असले प्रयोग करत होता आणि तेच पुढे बीटल्सच्या कामी आले. 1965 मध्ये 'इन माय लाइफ'मधला पियानो त्याने स्वतः वाजवला, टेप अर्ध्या वेगाने चालवून, आणि मग ती नेहमीच्या वेगाने लावली तेव्हा पियानो एकदम हार्पसिकॉर्ड या जुन्या युरोपीय वाद्यासारखा ऐकू यायला लागला. 'यस्टर्डे'ला चार तंतुवाद्यांची जोड द्यायची कल्पनाही त्याचीच.

आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'चा किस्सा तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1966 च्या शेवटी बीटल्सच्या जॉन लेननकडे या गाण्याची दोन रेकॉर्डिंग्ज होती, एक साधं आणि एक ट्रम्पेट-चेलो घालून केलेलं, त्याला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट, म्हणून तो म्हणाला जोडून टाका. आता दोघांची पट्टी वेगळी, लयही वेगळी! मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिकने एका टेपचा वेग वाढवला, दुसऱ्याचा कमी केला, तेव्हा कुठे दोन्ही जुळले. गाण्यात साधारण एक मिनिटाला तो सांधा आहे, हेडफोन लावून ऐका, लेननचा आवाज किंचित जड झालेला कळेल. गाणं लेननचंच, यात वाद नाही. पण आपण जे ऐकतो ते या दोघांशिवाय झालंच नसतं.

प्रश्न: मायकल जॅक्सन क्विन्सीमुळे मोठा झाला की क्विन्सी मायकलमुळे? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं होतात.

भांडा खुशाल, विषय चांगला आहे. पण दोन्ही टोकं चूक आहेत असं माझं स्पष्ट मत.

क्विन्सी 1933 चा. लायनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, 1957 मध्ये पॅरिसला जाऊन नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकला, मग जॅझवाला काउंट बेसी, गायक सिनात्रा यांच्यासाठी अरेंजमेंट केल्या, म्हणजे कुठलं वाद्य कधी काय वाजवेल ते ठरवून दिलं. 1974 मध्ये त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, ऑपरेशनं झाली, आणि त्यानंतर ट्रम्पेट कायमचा सुटला. हातातलं वाद्य गेल्यावर माणूस खचला असता. हा पाच वर्षांनी 'ऑफ द वॉल' करून बसला, 1979. रेकॉर्ड कंपनीला तर हा माणूस मायकलसाठी फार जॅझवाला वाटत होता, मायकलने हट्ट धरला म्हणून तो आला.

क्विन्सीचं खरं कौशल्य माणसं निवडण्यात. रॉड टेम्परटन नावाचा इंग्रज गीतकार त्याने आणला, 'रॉक विथ यू' आणि पुढे 'थ्रिलर' हे गाणं त्याचं. साउंड इंजिनिअर ब्रूस स्वीडिन. 'बीट इट'मध्ये गिटारला एडी व्हॅन हेलन, ज्याने त्या कामाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. 1982 मध्ये 'थ्रिलर' अल्बम पूर्ण झाला तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूवर इतकं संगीत कोंबलं होतं की खाचा अरुंद झाल्या आणि आवाज पार मरगळला, सगळे हादरले, मग गाणी कापली आणि परत मिक्स केली, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल नव्याने बसवला. रिलीजची तारीख डोक्यावर असताना हे करायला किती धीर लागत असेल विचार करा.

पण मायकल काही नुसता गाणारा पोरगा नव्हता. 'डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ'चा डेमो त्याने घरी भावंडांना घेऊन केलेला, काचेच्या बाटल्या वाजवून, आणि तो ऐकला की कळतं गाण्याची नाडी आधीपासून तिथेच होती. 'बिली जीन'ची सुरुवात फार लांबलीय असं क्विन्सीचं म्हणणं होतं, मायकल म्हणाला ही ऐकली की मला नाचावंसं वाटतं, ती तशीच ठेवायची. मायकल बरोबर होता. स्वीडिनने त्याच गाण्याची 91 मिक्स केली आणि शेवटी घेतलं ते दुसऱ्या नंबरचं! तेव्हा ग्रुपला सांगा, एकाकडे गाणं होतं आणि दुसऱ्याकडे ते ऐकणारा कान होता. 1987 च्या 'बॅड'नंतर दोघं वेगळे झाले आणि तो तीन अल्बमचा काळ परत आला नाही, दोघांसाठीही.

प्रश्न: प्रोड्युसर फिल स्पेक्टरने एका बाईचा खून केला हे कळल्यापासून त्याची गाणी ऐकताना कसंतरी होतं. ऐकावीत की नाही?

कसंतरी होतं हे चांगलंच आहे, ते होऊ द्या.

2003 मध्ये त्याच्या घरी लाना क्लार्कसन या अभिनेत्रीचा गोळी लागून मृत्यू झाला, 2009 मध्ये तो दोषी ठरला, 2021 मध्ये शिक्षा भोगतानाच गेला. याबद्दल 'पण प्रतिभावान होता ना' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. लाना क्लार्कसनचं नाव त्या वाक्यात कुठेच नसतं.

पण त्याची गाणी म्हणजे तरी कुणाची? लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत तो एकच सूर तीन-तीन गिटार आणि दोन-तीन पियानोंवर एकदम वाजवून घ्यायचा आणि सगळं एको चेंबरमधून, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या खोलीतून, फिरवायचा, त्यालाच 'वॉल ऑफ साउंड' म्हणतात. ती भिंत उभी केली हॅल ब्लेन, कॅरल के अशा सेशनवाल्या, म्हणजे कामापुरत्या बोलावलेल्या, वादकांनी. 1963 च्या 'बी माय बेबी'तला तो पहिला ड्रम ब्लेनचा, आणि आवाज रॉनीचा, रॉनेट्स या गायिकांच्या गटातल्या रॉनीचा. तिने पुढे स्पेक्टरशी लग्न केलं, त्याने तिला घरात अक्षरशः कोंडून ठेवलं, 1972 मध्ये ती अनवाणी पायांनी तिथून पळाली. रॉनेट्सना सुरुवातीला सगळ्यांत मिळून 15,000 डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली आणि त्यानंतर रॉयल्टी नाहीच. केस लढल्या, खालच्या कोर्टात लाखो डॉलर मंजूर झाले, पण 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की 1963 च्या करारात हक्क देऊन टाकलेत, म्हणजे बराचसा निकाल फिरला.

रॉनी 2022 मध्ये गेली, 78 वर्षांची होऊन, शेवटपर्यंत गात होती. मी ते गाणं ऐकते आणि रॉनीचं म्हणून ऐकते. तुम्हाला नाही जमलं तर नका ऐकू, कुणी जबरदस्ती करू नये.

प्रश्न: टेलर स्विफ्टने स्वतःचीच जुनी गाणी परत का रेकॉर्ड केली? मुलगी समजावते पण डोक्यात शिरत नाही.

मुलगी बरोबर सांगत असणार. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे त्याचं झालेलं रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. पहिली टेलरकडे होती, दुसरी तिच्या पहिल्या कंपनीकडे, सहा अल्बमची. 2019 मध्ये ती कंपनी विकली गेली, मास्टर दुसऱ्याकडे गेले, 2020 मध्ये तिसऱ्याकडे. मग तिने तीच गाणी 2021 पासून नव्याने गायली, म्हणजे नवी रेकॉर्डिंग्ज तिच्या मालकीची, आणि चाहत्यांनी तीच ऐकली. चार अल्बम तसे आले. मे 2025 मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले.

गायक प्रिन्सने याच मुद्द्यावर 1990 च्या दशकात स्वतःचं नाव टाकून एक चिन्ह घेतलं होतं, लोकांना तेव्हा तो विक्षिप्तपणा वाटला. 2014 मध्ये त्याला जुने मास्टर परत मिळाले. इतका जागरूक माणूस, पण 2016 मध्ये गेला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, आणि 15 कोटी डॉलरच्या वर किंमत ठरलेल्या इस्टेटीचा निकाल लागायला 2022 उजाडलं.

प्रश्न: मी ड्रम शिकतो. सर म्हणाले, जगातले सगळ्यात जास्त वापरले गेलेले ड्रमचे तुकडे वाजवणाऱ्यांना काहीच मिळालं नाही. खरंय का?

खरंय, आणि या विषयावर कितीही लिहिलं तरी मला कमीच वाटतं.

1969 मध्ये विन्स्टन्स नावाच्या बँडने 'आमेन, ब्रदर' हे गाणं केलं, एका सिंगलच्या मागच्या बाजूला, कुणी फार लक्षही दिलं नाही. त्यात ग्रेगरी कोलमनने चार मापांचं, जेमतेम सहा-सात सेकंदांचं ड्रम वाजवलंय. 1980 च्या दशकात सॅम्पलर मशिन आली, म्हणजे तयार रेकॉर्डिंगचा तुकडा (सॅम्पल) घेऊन नव्या गाण्यात वापरता येणारी यंत्रं, लोकांनी तो तुकडा कापला, फिरवला, वेग वाढवला, हिप-हॉपमध्ये हजारो गाण्यांत वापरला आणि इंग्लंडमधलं 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' नावाचं नाचाचं संगीत तर त्याच्यावरच उभं राहिलं. कोलमन 2006 मध्ये गेला तेव्हा बेघर होता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्यासाठी 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली, 24,000 पौंड जमले, बस.

दुसरा क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये होता, 'फंकी ड्रमर' 1970 मध्ये आलं, गीतकार म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. त्याचं कारण असं की ड्रमची रचना ही गाण्याची रचना धरलीच जात नव्हती, वाजवणाऱ्याला ठरलेले पैसे दिले की विषय संपला. नंतर सॅम्पलचे पैसे द्यायचा नियम कडक झाला तरी ते जातात गीतकाराकडे आणि मास्टरच्या मालकाकडे. वाजवणारा दोन्हीकडे नाही! स्टबलफील्डला कॅन्सर झाला तेव्हा उपचाराचं बिल प्रिन्सने भरलं आणि कुठे बोलला नाही, प्रिन्स गेल्यावर स्टबलफील्डने स्वतः ते सांगितलं. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, तोही गेला.

तुम्ही ड्रम शिकताय ना, मग हे दोन तुकडे आधी मूळ वेगात बसवा. स्टबलफील्डच्या डाव्या हाताचे ते हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके, सगळी गंमत त्यात आहे, मशिनमध्ये ते नुसते कॉपी होतात, सुचत नाहीत.

प्रश्न: बायका प्रोड्युसर नव्हत्याच का? सगळी नावं पुरुषांचीच येतात.

होत्या, मोजणारे पुरुष होते. ग्रॅमीचा (शास्त्रीय संगीत सोडून) वर्षातल्या सर्वोत्तम प्रोड्युसरचा पुरस्कार 2025 पर्यंत एकाही बाईला एकटीच्या नावावर मिळालेला नाही, यावरून समजा.

ब्रिटिश गायिका केट बुशने 1982 चा अल्बम स्वतः प्रोड्युस केला, मग आईवडिलांच्या घराजवळ स्वतःचा स्टुडिओ बांधला आणि 1985 मध्ये 'हाउंड्स ऑफ लव्ह' केला, घड्याळाकडे न बघता, फेअरलाइट नावाच्या सॅम्पलर-सिंथेसायझरवर. त्यातलं 'रनिंग अप दॅट हिल' 37 वर्षांनी, 2022 मध्ये, एका सीरिअलमुळे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि हक्क तिच्याच हातात होते. सिल्व्हिया रॉबिन्सन तर स्वतः गायिका, तिने 1979 मध्ये 'रॅपर्स डिलाइट' काढून रॅप रेकॉर्डवर आणलं. अर्थात त्यातला बेस 'शिक' (Chic) या बँडच्या 'गुड टाइम्स'चा होता, त्या बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सना भांडून नाव लावून घ्यावं लागलं, आणि रॅपर ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी वापरल्या त्याला तेवढंही मिळालं नाही. ती बाई होती म्हणून मी हे लपवणार नाही.

प्रश्न: प्रोड्युसरचं काम कानाने ओळखायला कुठून सुरुवात करू?

गाणारा एकच ठेवा आणि प्रोड्युसर बदला. डेव्हिड बोवीचा 1977 चा 'लो' आणि 1983 चा 'लेट्स डान्स' एकापाठोपाठ ऐका. पहिला टोनी व्हिस्कॉन्टीबरोबर (ब्रायन ईनोचं नाव चुकून सांगतात, तो त्यात वाजवायला आणि लिहायला होता), दुसरा नाइल रॉजर्सबरोबर. बोवीकडे आधी लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका. 'लो'मध्ये ठोका पडला की त्याचा सूर खाली घसरत जातो, व्हिस्कॉन्टीने तो हार्मोनायझर या यंत्रातून नेलाय. 'लेट्स डान्स'मध्ये ठोका मोठा, मोकळा, नाचायला उभा करणारा. मग बेस ऐका, मग गिटार, आणि आवाज सगळ्यात शेवटी. ऐकायच्या ॲपमध्ये गाण्याच्या तपशिलात क्रेडिट्स असतात, तिथे प्रोड्युसरचं नाव बघा, आणि एखादं नाव दोन आवडत्या गाण्यांत सापडलं की त्याचं बाकीचं काम शोधायला लागा.