सहाशे डॉलरमध्ये शिकारीसाठी दुर्बीण घ्यावी की सगळे पैसे स्कोपमध्ये घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एच-१बीवर पेनसिल्व्हेनियात राहता, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, परवाना काढलाय, .३०८ ची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतलीय आणि आता हरणाच्या मोसमासाठी ६०० डॉलर हातात आहेत. मित्र म्हणतो की सगळे पैसे स्कोपमध्ये (रायफलीवर बसवायची, नेम धरायची भिंगाची नळी) घाल, लांबचं बघायचं तेही त्यातूनच बघता येतं.

मित्राचं हे ऐकू नका. स्कोप जिकडे बघतो तिकडेच नळीचं तोंड असतं. म्हणजे "ते काय हलतंय बरं?" एवढंच बघायचं असलं तरी तुम्ही त्यावर भरलेली रायफल रोखलेली असते.

माझा तिसरा मोसम होता. हॅरिसबर्गच्या उत्तरेला डोंगरउतारावर बसलो होतो, साडेसात वाजले असतील. ऐंशी-नव्वद यार्डांवर लॉरेलच्या झुडपांत तपकिरी काहीतरी हललं, खाली वाकलं, परत वर आलं. चरणारं हरीण असंच हलतं. दुर्बीण लावली, तर एक माणूस ओणवा होऊन बुटाची नाडी बांधत होता. केशरी टोपी आणि जॅकेट ओकच्या बुंध्याआड, माझ्या बाजूला आलेली फक्त तपकिरी पँट. २५० चौरस इंच केशरी कपड्याचा नियम त्याने पाळलेलाच होता, पण मधे झाड होतं. त्या दिवशी माझ्याकडे दुर्बीण नसती तर मी त्या माणसावर रायफल उचलली असती. चाप ओढला नसता, हे मला माहीत आहे. तरीही पुढचा अर्धा तास माझे हात स्थिर नव्हते.

म्हणून सहाशेतले अडीचशे-तीनशे दुर्बिणीला, सव्वादोनशे-अडीचशे स्कोपला, आणि उरलेले स्कोप रायफलीवर धरणाऱ्या चांगल्या रिंगांना व झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवायला, लागणाऱ्या काडतुसांना. ही वाटणी मी कुठल्याही नवख्याला डोळे झाकून सांगेन.

दुर्बिणीचं दुसरं काम शिंगं मोजण्याचं. २००२ पासून पेनसिल्व्हेनियात बहुतेक भागांत नराच्या निदान एका बाजूच्या शिंगाला तीन टोकं असावी लागतात. पश्चिमेकडच्या काही विभागांत तर कपाळाजवळचं टोक धरत नाहीत. तुमच्या विभागाचा नियम परवान्याबरोबरच्या पुस्तिकेत बघून ठेवा. गोळी कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास झाडता येते, आणि मोठा नर नेमका या कडेच्या उजेडात बाहेर पडतो. राखाडी फांद्यांच्या गुंत्यात राखाडी शिंग. डोकं हललं तर दोन टोकं दिसतात, तिसरं फांदी की शिंग ते कळत नाही. इथे दुर्बिणीची खरी परीक्षा होते.

आकड्यांचं गणित सोपं आहे. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. एवढ्या व्यासाचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात पोचतो. दुर्बीण हात लांब करून आभाळाकडे धरलीत तर मागच्या भिंगात पांढरं गोल टिकलीसारखं दिसतं, तोच हा झोत. १०×४२ मध्ये ती टिकली ४.२ ची होते, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीचची. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीत साधारण पाचपर्यंत. भर दुपारी तिन्ही दुर्बिणी सारख्याच वाटतील. पहाटे सहा-पन्नासला खिशातली दुर्बीण काळी पडते. शिवाय दहा पटीत हाताची थरथरही दहा पट. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात नजर दोनशे यार्डांपलीकडे क्वचितच जाते, तेव्हा ८×४२ घ्या. कोलोरॅडोच्या उघड्या डोंगरात एल्क (मोठ्या जातीचं हरीण) शोधायचा असता तर मी १०×४२ म्हटलं असतं.

आता काचेवरचा लेप. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. एका दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात, म्हणजे लेपाविना तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड वाटेतच जातो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधला, तेव्हापासून हे चित्र बदललं. खोक्यावर 'फुली मल्टी-कोटेड' असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं 'कोटेड' म्हणजे काही काचांवर एक थर, बस्स. सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रिझमची दुर्बीण असेल तर 'फेज कोटिंग'ही बघा. ते नसेल तर फांदी आणि शिंग एकमेकांत मिसळल्यासारखं होतं.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शंभर डॉलरची आणि हजाराची दुर्बीण जवळपास सारखीच वाटते. संध्याकाळी जा, विक्रेत्याला सांगून दाराबाहेर उभे राहा आणि पार्किंगच्या पलीकडच्या झाडाच्या सावलीत बघा. चष्मा असेल तर आय रिलीफ (मागच्या भिंगापासून डोळा ठेवायचं अंतर) निदान १६ मिलिमीटर हवा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. व्हॉर्टेक्सची डायमंडबॅक एचडी ८×४२ या किमतीत बसते. मी एका भाच्याला तीच घ्यायला लावली. स्वारोव्स्की, लायका हातात घेतलीत तर फरक जाणवेल, जाणवायलाच हवा, पण तो पैसा पहिल्या वर्षी घालायची गरज नाही.

स्कोपबद्दल मी कमी बोलेन, कारण निवड सोपी आहे: ३-९×४० (तीन ते नऊ पट, पुढचं भिंग ४० मिलिमीटर), साधं डुप्लेक्स क्रॉसहेअर (कडेला जाड, मधे बारीक रेघांची फुली), नायट्रोजन भरलेली सीलबंद नळी, फुली मल्टी-कोटेड. ल्युपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडममधला ३-९×४० मला आवडतो. थोडे पैसे वर जातील किंवा सेलमध्ये मिळेल. २४ पटीचे, मोठाल्या फिरकीचे स्कोप लांब पल्ल्याच्या टारगेटवाल्यांसाठी. जंगलात चालताना स्कोप कायम ३ वर ठेवा. शंभर यार्डांवर तिथे तीसेक फूट रुंदीचं दिसतं, ९ वर जेमतेम १२-१४ फूट. पळतं हरीण ९ वर सापडतच नाही. सील का, तेही सांगतो. माझा पहिला स्कोप साठ डॉलरचा होता. गाडीतल्या उबेतून गोठलेल्या पहाटे बाहेर काढला आणि आतून धुकं धरलं. बाहेरून कितीही पुसा, काय उपयोग? आठ टोकांचा नर समोरून चालत गेला.

आय रिलीफ इथेही बघा, साडेतीन ते चार इंच हवा. .३०८ चा धक्का चांगलाच असतो. डोळा पुढे सरकवून बसलात तर स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र कोरून जाते.

बसवताना क्रॉसहेअर सरळ आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोरीला नट बांधा. पंचवीसेक यार्डांवर तो टांगा, रायफल पातळीत ठेवा आणि उभी रेघ त्या दोरीवर तंतोतंत बसवा. मगच रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, कंपनीच्या कागदावर दिलेल्या इंच-पाउंडांपर्यंत आवळा. टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) पन्नासेक डॉलरला मिळतो, किंवा रेंजवर कोणाचा तरी मागा.

झिरो करताना सुरुवात २५ यार्डांवर करा. बहुतेक स्कोपच्या फिरकीची एक टिकटिक पाव एमओए (कोनाचं माप) असते: शंभर यार्डांवर चार टिकटिकांना साधारण एक इंच, पण पंचवीसवर त्याच एका इंचाला सोळा लागतात. नवखी माणसं इथे हमखास चुकतात, चार फिरवतात आणि स्कोप बिघडलाय म्हणून परत करायला निघतात. एका गोळीवर काही ठरवू नका. तीन मारा, त्यांचा मध्य बघा, मग फिरवा. शेवटचं झिरो शंभरवर. तिथून दोनशे यार्डांवर गोळी चारेक इंच खाली जाते. मोसमात जी काडतुसं वापरणार, झिरोही त्यांच्यावरच करा, कारण ग्रेन, म्हणजे गोळीचं वजन, बदलले की गोळीची जागाही बदलते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एच-१बीवर आहात म्हणून हे लिहितोच. एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. तुम्ही शिकारीला वर्षातून चार दिवस जाणार असलात तरी रायफल बाराही महिने घरात असते, तेव्हा १ जुलैपासूनचा नवा परवाना आधीच हातात असू द्या. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

दुर्बीण मात्र सुट्टीत भारतात घेऊन जा. तिकडे शिकारीवर १९७२ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण भिगवणला फ्लेमिंगो बघायला हीच ८×४२ कामाला येते. माझी दरवेळी बाबांकडेच अडकते. मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याआधी रोज संध्याकाळी दहा मिनिटं अंगणात बसा आणि डोळे समोरच्या जागेवरून न हलवता दुर्बीण वर आणून लावायची सवय करा. पहिल्या दिवशी ती आभाळातच कुठेतरी लागेल. आठवड्याभरात खार दिसली की दुर्बीण थेट खारीवरच येते.