‘इत्थशाल’ हा शब्द मूळचा कुठला?

ज्योतिषातल्या प्रश्नकुंडलीवरच्या (प्रश्न विचारला त्या वेळेच्या कुंडलीवरच्या) पुस्तकांत ‘इत्थशाल योग’ वारंवार येतो. हा शब्द ‘इत्थम्’ या संस्कृत अव्ययापासून झाला आहे का, आणि तो ‘इत्थशाल’ लिहावा की ‘इत्थसाल’, अशी पृच्छा आहे. ‘इत्थम्’शी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द अरबी ‘इत्तिसाल’, म्हणजे जोडले जाणे. त्याच धातूचे ‘मुत्तसिल’ (जोडलेला) हे रूपही संस्कृत ग्रंथांत ‘मुथशिल’ होऊन याच योगासाठी येते, त्यामुळे व्युत्पत्तीबद्दल शंका उरत नाही. हाच धातू आपल्या ‘वसूल’मध्ये आहे, तेथे पोहोचणे या अर्थावरून पैसा हाती पडणे हा अर्थ रूढ झाला.

ज्योतिषाच्या ज्या शाखेत हा शब्द येतो, तिचे नावच ‘ताजिक’ आहे आणि फारसीत त्या शब्दाचा जुना अर्थ ‘अरब’ असा होता. तेराव्या शतकात समरसिंहाने आणि पुढे 1587 मध्ये नीलकंठाने हे शास्त्र संस्कृतात मांडले. नीलकंठाचे घराणे मूळचे विदर्भातले, पण ग्रंथरचना काशीची. त्याच्या ‘ताजिकनीलकंठी’त सोळा योग सांगितले आहेत.

संज्ञेचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रश्नकुंडलीत लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) चंद्र मेषेच्या 10 अंशांवर आणि कार्येश (विचारलेल्या कार्याच्या स्थानाचा स्वामी) गुरू सिंहेच्या 14 अंशांवर आहे, असे समजा. मेषेपासून सिंह पाचवी, म्हणून दृष्टी आहे. चंद्र शीघ्रगती असून त्याचे अंश कमी आहेत, आणि दोघांतले 4 अंशांचे अंतर दीप्तांशांच्या, म्हणजे ग्रहाच्या प्रभावाच्या अंशांतल्या पल्ल्याच्या (चंद्राचे 12, गुरूचे 9) आत बसते. चंद्र गुरूला गाठायला निघाला आहे, हा इत्थशाल. कार्य होणार असे फळ सांगतात. तोच चंद्र 16 अंशांवर असता तर भेट होऊन गेली असती, आणि त्याला ‘ईसराफ’ म्हणतात, अरबी ‘इन्सिराफ’, म्हणजे परत फिरणे. फळ खरे ठरते का, हा या चर्चेचा विषय नाही.

खरी गंमत बाकीच्या नावांत आहे, कारण दरबारी फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांची भावंडेच येथे संस्कृत वेषात भेटतात. दोन ग्रहांत दृष्टी नसताना तिसरा शीघ्र ग्रह एकाचे तेज दुसऱ्याकडे नेतो, तो ‘नक्त’. श्रावणी सोमवारच्या नक्ताशी त्याचे नाते नाही; तो अरबी ‘नक्ल’ (एका जागेवरून दुसरीकडे नेणे), म्हणजे आपली ‘नक्कल’. दोघांहून मंद असा तिसरा ग्रह दोघांचे तेज एकत्र करतो, तो ‘यमया’. यमाशी त्याचा संबंध नसून तो आपला ‘जमा’ आहे. मंगळ किंवा शनी मध्ये पडून जुळणारा इत्थशाल मोडतो, तो ‘मणऊ’, अर्थात ‘मनाई’. ‘रद्द’ तर जसाच्या तसा आहे. ‘कंबूल’ म्हणजे ‘कबूल’, आणि ‘गैरिकंबूल’मधला ‘गैर’ आपल्या ‘गैरसोयी’तलाच आहे.

मात्र ‘कंबूल’चा केवळ उच्चारच बदलला नाही. अरबी ज्योतिषात एका ग्रहाने दुसऱ्याला आपल्या राशीत स्वीकारणे, हा त्याचा अर्थ होता. आपल्याकडे लग्नेश-कार्येशांच्या इत्थशालात चंद्रही इत्थशालाने सामील होणे, असा तो झाला. म्हणून ‘कंबूल’चे भाषांतर ‘स्वीकार’ असे करू नये, व्युत्पत्ती बरोबर असली तरी अर्थ चुकतो. ‘खल्लासर’च्या बाबतीत तर व्युत्पत्तीच फसवते. कोणालाही ‘खल्लास’ आठवेल, पण तो ‘खाली’ (रिकामा) आणि ‘सैर’ (चाल) मिळून झाला आहे.

लेखनाबद्दल सांगायचे तर मूळ ध्वनी ‘स’च्या जवळचा असल्याने ‘इत्थसाल’ चूक नाही, परंतु मराठी ज्योतिषांत ‘इत्थशाल’ रुळला आहे आणि माझ्या मते तोच ठेवावा. लिंग पुल्लिंग: इत्थशाल ‘होतो’, ‘होते’ नव्हे.