देवकुंडची वाट आणि मुलांचा गट

प्रश्न : आमच्या सोसायटीतील दहा ते तेरा वर्षे वयाच्या सोळा मुलांना जुलैतील एखाद्या रविवारी देवकुंड धबधब्याला न्यावे, असा आम्हा पालकांचा विचार आहे. सोबत चार मोठी माणसे असतील. वाट सोपी आहे, असे ऐकले. कोणती काळजी घ्यावी?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुलांना डोंगरात न्यावे, ही आपली इच्छा मनापासून पटते, जुलै महिना मात्र पटत नाही. ही सहल पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याला पोहोचल्यावर धरणाच्या काठाने आणि पुढे दाट रानातून जाणारी ही पाच-सहा किलोमीटरची वाट चढउताराच्या दृष्टीने अवघड नाही, हे खरे. पण तिला ओढे आडवे येतात आणि खरा धोका त्या ओढ्यांचाच आहे. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला होता. वर घाटमाथ्यावर असा पाऊस कोसळत असताना खाली मुलांच्या डोक्यावर ऊनही असू शकते, आणि सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा परतताना कमरेएवढा होऊन वाट अडवतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती; प्रवाहाच्या मधोमध असतानाच पाणी वाढले आणि त्यांना काठ गाठता आला नाही. पावसाळ्यात अशा ठिकाणी जाण्यास जिल्हा प्रशासन वेळोवेळी बंदी घालते, ती यासाठीच.

ऑक्टोबरनंतर गेलात, तरी गावातला वाटाड्या घ्यावा आणि सोळा मुलांमागे चारऐवजी सहा मोठी माणसे ठेवावीत. त्यांपैकी एकाने सर्वांच्या पुढे, एकाने सर्वांच्या मागे चालावे आणि प्रत्येक ओढ्यानंतर मुले मोजावीत. माघारी फिरण्याचा निर्णय कोण घेणार, हे पुण्यातच ठरवून पालकांना सांगावे. धबधबा अर्ध्या तासावर आला असताना सोळा हिरमुसल्या चेहऱ्यांसमोर तो घेणे फार जड जाते. नितळ पाणी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा व काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला, की लगेच काठ सोडून उंचावर जावे. ओढा ओलांडताना मुलाच्या कमरेला दोर बांधण्याची पद्धत अनेकांना सुरक्षित वाटते, पण पाय घसरल्यास ताणलेला दोर मुलाला पाण्याखालीच धरून ठेवतो, म्हणून ते कटाक्षाने टाळावे. कुंडात मुलांना उतरू देऊ नये. कोसळत्या पाण्याखाली भोवरा असतो आणि तळ दिसत नाही, तेव्हा पोहता येणाऱ्या मुलालाही अपवाद करू नये.

मोबाइलची रेंज वाटेत सगळीकडे मिळेलच असे नाही. त्यामुळे मुलांची नावे आणि परतण्याची वेळ भिऱ्यात कोणाकडे तरी लिहून द्यावी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असावी. शेवाळावर गुळगुळीत तळाचे बूट टिकत नाहीत, हेही पाहावे.

जुलैतच पाऊस अंगावर घ्यायचा असेल, तर आपल्या कोथरूडलगतची वेताळ टेकडी आहे. तिथे सकाळी दोन तास मुलांना भिजवून आणावे, म्हणजे कोण दमते, कोण घोळक्यातून पुढे पळते, कोणाचे बूट घसरतात, हे देवकुंडला जाण्याआधीच कळेल.