नगरपालिकेची आर्थिक कामगिरी कशी मोजायची? तिचा सुरक्षिततेशी संबंध असतो का?
असतो, पण सरळ रेषेतला नाही. बजेट किती फुगलंय ते बघू नका. आकारलेल्या मालमत्ता करातला वसूल किती झाला, स्वतःचं उत्पन्न किती नि वरून येणारं अनुदान किती, कर्जफेडीत किती जातं, मंजूर निधी खरोखर खर्च झाला का, हे तपासा.

तिजोरी आटली की आधी रस्त्यावरचे दिवे जातात. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या सुमारास तिथले जवळपास 40 टक्के पथदिवे बंद होते आणि तातडीच्या कॉललाही पोलीस पोहोचायला सरासरी 58 मिनिटं लागत होती. उलट न्यूयॉर्कमध्ये 2016 साली काही सरकारी घरांच्या वसाहतींत जादा दिवे लावले, तर रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

मेख एकच: नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे शहर बिघडलंच असं नाही. पोलिसांवर भरवसा बसला की लोक तक्रार द्यायला पुढे येतात. म्हणून मी आधी खुनांचा आकडा (तो दडवणं अवघड) आणि पोलीस पोहोचायला लागणारा वेळ बघतो. मोबाईलचोऱ्या सगळ्यात शेवटी.